दोन मिनिटांचं डिझेल

“शेठ, टर्बो इंजिन लांबड्या मोटारीला शोभतंय, का लहान गाडीला?”

दहावीच्या गुणगौरवात बक्षिसाचा स्टीलचा डबा कवटाळून अंजनानं थेट माइकमध्येच विचारलं. पहिल्या रांगेत तिच्या मैत्रिणी मालू आणि जयानं तोंडावर हात दाबले. पैज त्यांचीच होती: “विचारून दाखव, पावशेर बेळगावी कुंदा खायला घालू!”

पाहुणे भीमसेनशेठ निपाणीचे तंबाखूवाले. त्यांची परदेशी मोटार घाट चढून शाळेच्या दारात उभी राहिल्यापासून निम्मी शाळा तिच्याभोवती. शेठ खूश झाले.

“टर्बो म्हंजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, बाळ. एकाचं दीडपट बळ. ते मोठ्या गाडीलाच पेलतंय. लहान गाडीला दिलं तर पहिल्याच वळणाला शेतात! ज्याचं जेवढं अंग, तेवढंच त्याला बळ द्यावं.”

सभा खदखदली. पैजेचा कुंदा जिंकला होता. आता गुमान खाली उतरायचं. पण ते शेवटचं वाक्य अंजनाला मिरचीसारखं झोंबलं. डबा हातात पडताच तिनं त्यात आर्ट्सचा फॉर्म ठेवला होता. ‘पोरीच्या जातीला झेपंल तेवढंच’ म्हणून आईनं आणलेला. उद्या भरायचा.

“पर शेठ, मोठ्या गाडीचं इंजिन मुळातच मोठं. तिला टर्बो म्हंजे जेवल्यावर लाडू. खरी गरज लहानीला हाय. कमी तेलात घाटाला मोठीच्या बरोबरीनं जाईल. बिरेक अन् चाकं तेवढी तशी द्यायची.”

“कुणाची गं तू?” शेठनी विचारलं.

शेवटच्या रांगेत तिचा बाप मायाप्पा बसला होता, नखातलं ग्रीस दिसू नये म्हणून मुठी मिटून. शाळेपासून हाकेच्या अंतरावर त्याचं पत्र्याचं गॅरेज. इंग्रजी त्याला येत नसे. सातवीपासून रोज संध्याकाळी अंजना डिक्शनरी घेऊन बसे, इंजिनाची जाडजूड पुस्तकं मोठ्यानं वाची, अर्थ लावी. आणि तो ऐकत ऐकत पाना फिरवी.

“ते मागं बसल्यात, त्यांची!” सगळ्या माना वळल्या. मायाप्पानं मुठी आणखी घट्ट केल्या. “अन् शेठ, घाट चढून आल्या आल्या तुमच्या ड्रायव्हरनं इंजिन पटदिशी बंद केलं. टर्बो लई तापलेला असतोय. दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, तेल फिरून त्यो निवंपर्यंत. न्हायतर जळतोय.”

दारातून ड्रायव्हर गुंडू ओरडला, “मीबी तेच म्हंतोय! मालक म्हंतात, डिझेल फुकट जाळू नगं!”

आता हशा शेठवर उलटला. शेठ हसले नाहीत.

त्यांच्या वखारीचे दोन टेम्पो दर बुधवारी दुपारी मायाप्पाकडं दुरुस्तीला येत. आज बुधवार होता. पाच वाजले, सहा वाजले. टेम्पो आले नाहीत.

“झालं समाधान?” घरी आई सुलाबाई चुलीपुढून कडाडली. “बापाच्या तोंडचा घास काढलास! तोंड हाय का पट्टा?”

मायाप्पा रॉकेलनं हात चोळत होता. “खोटं बोलली का ती?”

“खरं बोलून पोट भरतंय व्हय?”

रोजच्यासारखं पुस्तक आणून त्यानं अंजनापुढं ठेवलं. मग चोळूनही कोपरापर्यंत काळेच राहिलेले दोन्ही हात गुडघ्यांवर उघडेच टाकून ऐकायला बसला.

अंजनानं पुस्तक उघडलं नाही. डबा उघडला, फॉर्मची घडी काढली आणि चुलीत सारली.

“आगं, आगं! काय केलंस ह्ये?”

“आई, आप्पा, ऐका. उद्या पहिल्या गाडीनं मी बेळगावला जाते. पॉलिटेक्निकला. मेकॅनिकल.”

“तिथं पोरी असत्यात व्हय?” सुलाबाईनं विचारलं.

“न्हाईत. औंदापासनं एक असंल.”