पाण्यात गुडघे दुखत नाहीत

आषाढाच्या सुरुवातीला आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत पाणी भरलं आणि मी मासा झालो. चांगला दिवाणाएवढा मासा. दार उघडलं तरी पाणी बाहेर सांडत नसे, उंबरठ्याशी भिंतीसारखं उभं राही. त्यामुळे खालच्या मजल्यावरून तक्रार आली नाही. सोसायटीत राहायचं म्हणजे एवढं तरी पाहावं लागतं.

माझी बायको कुंदा मात्र बाईच राहिली. ती पॅसेजवरच्या माळ्यावर राहायला गेली. तिथेच तिने स्टोव्ह नेला, तिथेच अंथरूण टाकलं, आणि दारावरच्या झरोक्याला शिडी लावून ये-जा करू लागली. तिची काही कुरकुर नव्हती. माळा आवरायचा राहिलाच होता, म्हणाली.

पहिल्याच दिवशी मला जांभई आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर, एक उशी आणि कुंदाचा चष्मा माझ्या पोटात गेला. मी गिळायला गेलो नव्हतो. मोठ्या माशाने तोंड उघडलं की समोरचं पाणी आत येतं, आणि पाण्याबरोबर जे मावेल ते. त्यात त्याच्या मनाचा काही संबंध नसतो. तेव्हापासून मी ओठांत फट ठेवून श्वास घेऊ लागलो आणि बोलणं फक्त 'हं'वर आणलं. अडलं काहीच नाही. लग्नानंतर माझं निम्मं बोलणं तसंही 'हं'वरच भागत होतं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मी कपाटामागे जाऊन बसलो आणि बाहेर येईना. ऑफिसात माझा केवढा दरारा होता, पण आता शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी माझे कल्ले थरथरत. कुंदा वरून भाकरीचे तुकडे सोडायची. ते हळूहळू खाली जायचे आणि फरशीवर फुगत पडायचे. मी दिवसेंदिवस चिपाड होत चाललो होतो.

शेवटी ती बाजारातल्या माशांच्या दुकानात जाऊन विचारून आली. शिर्सेकर म्हणून दुकानदार होते. त्यांनी सांगितलं की मोठा मासा रुसत नाही, घाबरतो. त्याच्यासोबत घोळक्याने राहणारे मासे सोडावेत. ते उघड्यावर बिनधास्त फिरताना दिसले की त्यालाही धीर येतो. मात्र ते उंच नि चपटे हवेत, म्हणजे तोंडात मावत नाहीत, आणि घोळका भरलेला हवा. एकटा मागे पडला की तो गेलाच म्हणून समजा. कुंदाने हे सगळं मला सांगितलं आणि ब्लाउज शिवायच्या टेपने माझं तोंड मोजून घेतलं.

सोसायटीच्या कमिटीने पहिल्यांदा तयारी दाखवली. सगळे एकदम आत आले आणि एकदम वेगवेगळ्या दिशांना गेले. पार्किंगचा वाद त्यांनी बुडबुड्यांत चालू ठेवला. कुंदाने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मग सकाळच्या हास्य क्लबाचे लोक आले. ते एकत्र फिरले, हे कबूल करायला हवं, पण त्यांच्या हसण्याने पाण्याला इतका फेस आला की मी दोन दिवस काहीच पाहू शकलो नाही.

त्यानंतर पलीकडच्या गल्लीतलं मंगळागौरीचं मंडळ आलं. आठ बायका, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. श्रावणात त्यांना बरीच बोलावणी असत आणि सरावाला जागा नव्हती. पुढारी होत्या प्रमिलावहिनी बोडस. नऊवारी नेसून, खोपे घालून त्या एकामागून एक दारातून पाण्यात शिरल्या आणि शिरल्या शिरल्या उंच नि चपट्या झाल्या, पापलेटासारख्या. अंग रुपेरी, कडेने लुगड्याच्या काठाची लाल रेघ. हात तेवढे हातच राहिले. नाहीतर झिम्मा खेळणार कशाने?

त्यांनी फेर धरला. एकीने मान वळवली की आठही वळत. सोफ्यावरून, टीव्हीपुढून, देव्हाऱ्याला उजवी घालून त्या गरगर फिरल्या, आणि मग प्रमिलावहिनी मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं, पाण्यात गुडघे दुखत नाहीत."

झालं, दुसऱ्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. काही दिवसांनी घरी जाणंही त्यांनी सोडलं.

मी कपाटामागून आधी नाक काढलं, मग डोळे, मग सगळाच बाहेर आलो. एकदा मला शिंक आली, आधीचा श्वास जोरात आत ओढला गेला आणि प्रमिलावहिनी सरळ माझ्या तोंडाशी ओढल्या गेल्या. दोन्ही ओठांच्या मध्ये उभ्याच्या उभ्या अडकल्या. "भावजींना सर्दी झालेली दिसतेय," म्हणाल्या, आणि निसटून पुन्हा फेरात गेल्या. मला इतकं बरं वाटलं की मी भाकरीची अख्खी चवड संपवली. इतक्या वर्षांत आमच्या घरात एवढा आनंद नव्हता. मी सुखी होतो. हे उघडपणे लिहायला मला लाज वाटत नाही.

सुखाने मी वाढू लागलो. आधी शेपूट पॅसेजमध्ये गेलं, मग स्वयंपाकघरात, मग ओट्याला टेकलं. डोकं हॉलमध्येच होतं. वळायचं म्हटलं तर भिंतींना घासून अंग सोलवटायचं. बायकांचा फेर माझ्या तोंडाभोवती लहान लहान होत गेला, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. छोट्या फेराला वेग जास्त येतो, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांच्यातली शरयू लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली आणि सात उरल्या. फुगडीला जोड्या लागल्या की मंदा एकटी राही. तोल गेल्यासारखा घोळका डगमगायचा, मंदा हातभर मागे पडायची, आणि माझी नजर आपोआप तिच्याकडे जायची. मी डोळे मिटून घेऊ पाहिले. माशाला पापण्या नसतात.

प्रमिलावहिनींनी माळ्याकडे पाहिलं. "कुंदा, एक कमी पडतेय. तू ये."

कुंदा माळ्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. रोजच बसायची, आणि वरूनच ठेका धरायची. रात्री एकटीच जेवायची. ती समोर असून मला तिची आठवण यायची. ती खाली यावी असं मला फार वाटत होतं. पण कुंदा बुटकी. लग्नाच्या फोटोत तिला पाटावर उभं केलं होतं. ती माझ्या तोंडात आरामात मावली असती, हे तिने स्वतःच मोजलेलं होतं.

मी "हं" म्हणालो. त्या 'हं'चा अर्थ 'नको' होता. माझ्या सगळ्या 'हं'चे अर्थ तिला पाठ आहेत. तरी तिने पदर खोचला आणि उडी मारली.

पाण्यात ती ना उंच झाली ना चपटी. माझ्यापुढे मांदेलीएवढी दिसत होती. तिने मंदाचे हात धरले आणि घोळका भरला. मग एकेकीशी तिची फुगडी झाली. ती इतकी छान खेळते हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्या थकून पडद्यामागे टेकल्या तरी ही आपली गिरक्या घेतेच आहे. शेवटी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

मी ओठ घट्ट मिटले.

"अहो, मी घाबरलेली नाहीये. तुम्ही कशाला घाबरता?"

तिने दोन्ही हातांनी माझा खालचा ओठ धरला, पाय माझ्या गळ्याशी जुळवले आणि मागे रेलली. मला हात नव्हते, पण त्यावाचून काही अडलं नाही. आम्ही फिरू लागलो. भिंती मागे सरल्या की मी लहान झालो, कोण जाणे. सोफा, देव्हारा, खिडकी, सोफा. बायका भोवतीने टाळ्या देऊ लागल्या, आणि नाव घे, नाव घे, असा गलका झाला. लग्नापासून कुंदाने माझं नाव दोनदाच घेतलं होतं, दोन्ही वेळा मान खाली घालून. आता तिने मान मागे टाकली, केस पाण्यात मोकळे सुटलेले, आणि मोठ्याने म्हणाली,

"घरभर साचलं पाणी, भिंतींना आली ओल,
मुकुंदराव मासा झाले, तरी पोट तसंच गोल."

हसू शेपटीकडून निघालं. ओटा हलला, पॅसेजमधले दिवे हलले, ते पोटातून वर आलं, कल्ल्यांपाशी आलं. कुंदा ओठ धरून फिरतच होती आणि माझ्याकडे बघून हसत होती, आणि माझं तोंड उघडलं.