कलम सातमधली रमी

कायदा खात्यात मसुदे मी लिहितो आणि त्यावरच्या शिव्याही मीच खातो. यंदा जुगाराचा जुनापुराणा कायदा सुधारायचं ठरलं. नव्या विधेयकातला नियम सरळ होता. कौशल्याचा खेळ चालेल, नशिबाचा खेळ गुन्हा, मग तो स्वतःच्या घरात का असेना. समितीच्या अध्यक्षांनी रमी नशिबात टाकायला सांगितली. मी निमूट कलम सातमध्ये टाकली.

संध्याकाळी आत्या दारात हजर. "मेल्या, माझ्याच मुळावर उठलास?"

आतोबा गेल्यापासून रोज चार वाजता तीन मैत्रिणी तिच्याकडे रमी खेळायला येतात. त्या डावासाठीच ती सकाळी उठते, हे मला ठाऊक होतं. मला लाज वाटली. पण पीडा टळावी म्हणून म्हटलं, "समिती लोकांचं म्हणणं ऐकते आहे, तिथे येऊन सांग."

ती आली, पत्ते घेऊनच.

"साहेब, माझ्याशी एक डाव खेळा आणि मग ठरवा," ती अध्यक्षांना म्हणाली. सकाळपासून भाषणं ऐकून सगळे कंटाळले होते, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. मी कोपऱ्यात बसून कामकाज टिपत होतो.

दहा मिनिटांत अध्यक्षांनी पत्ते पसरले. "लागली रमी. बघा बाई, सगळा नशिबाचा खेळ."

आत्याने पत्त्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, तुमच्या डाव्या हाताच्या फाईलखाली एक पत्ता आहे. तो तिथे नशिबाने गेला की कौशल्याने?"

सगळे फाईलकडे बघायला लागले. अध्यक्षांची इकडे आड तिकडे विहीर झाली. नशिबाने म्हणावं तर पत्त्याला पाय फुटले होते का, आणि लबाडी कबूल करावी तर उद्या पेपरात नाव.

"कौशल्याने," ते घसा खाकरून म्हणाले. "लिहून घ्या. रमी हा कौशल्याचा खेळ."

मी तेवढंच लिहिलं.

बाहेर जिन्यात मी विचारलं, "आत्या, चष्मा नसताना तुला दिसलं कसं?"

"दिसायला कशाला हवं? हरायला लागलं की नको तो पत्ता डाव्या हाताखालीच जातो. फाईल नसली तर शाल चालते." मग कठड्याला धरून हळूच म्हणाली, "त्या तिघींजवळ बोलू नकोस."

लहानपणी सुट्टीभर मी तिच्याशी रमीत हरायचो. आपलं नशीबच फुटकं, असं तेव्हापासून धरून चाललो होतो. त्यापायी आजवर मी लॉटरीचं एक तिकीटसुद्धा काढलेलं नाही.