दहापैकी नऊ मार्कांचा राग

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझा पुठ्ठा सुटलाय, पाठीला खळीची पट्टी चिकटवलीय, आणि क्यू अक्षराची दोन पानं तर कुठं गेली ती मलाच ठाऊक नाही. पण एक खोड अजून शाबूत आहे, ती म्हणजे चौकशा करायची. कोणी मला उघडलं की मला आधी वाटतं, का बरं उघडलं असेल?

छापखान्यात माझी पानं जुळवली, शिवली, त्यांना खळ लावून दाबाखाली ठेवलं, ते मला अंधूक आठवतं. खरं आयुष्य सुरू झालं ते धारवाडात, मळमड्डीतल्या बाळकृष्ण मास्तरांच्या घरी. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांनी मला खाकी कागदाचं कव्हर घातलं, पहिल्या पानावर झोकदार सही केली आणि झोपाळ्याजवळच्या तिवईवर माझी कायमची जागा ठरवली. किती मान होता माझा! शेजारपाजारची पोरं मला हात लावायच्या आधी हात धुऊन येत.

अप्पांच्या घरात एक अजब रीत होती. रागावलेल्या माणसानं ओरडायचं नाही. अप्पा म्हणत, "मराठीत न् कन्नडात राग तोंडातून आधी बाहेर पडतो, डोकं मागनं येतं. इंग्रजीत शब्द हुडकावा लागतो. हुडकेपर्यंत माणूस थंड होतो की!" म्हणून ज्याला राग आला त्यानं मला उघडायचं, नेमका शब्द शोधायचा, त्या शब्दाचं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी माझ्यात ठेवायची. संध्याकाळी अप्पा लाल शाईनं ती तपासत आणि दहापैकी मार्क देत. त्यांचा मुलगा प्रभंजन लहानपणी बॅट हरवली म्हणून एवढा भडकला, की सगळ्यात जहाल शब्द मिळेपर्यंत तासभर पानं उलटत बसला. शेवटी पेंगला आणि माझ्यावरच डोकं टेकून झोपला. अप्पांना रीत बरोबर असल्याची खात्रीच पटली.

पुढं प्रभंजन सरकारी कचेरीत लागला. अप्पा निवृत्त झाले. प्रभंजनची आई वारली. आणि एकोणीसशे पंच्याण्णवच्या मार्गशीर्षात दीपश्री सून म्हणून घरात आली. हुबळीच्या कमरीपेठेत तिच्या वडलांचं फोटो फ्रेमचं छोटं दुकान होतं. शिक्षण सगळं कन्नड शाळेत, वर बी.एड. केलेलं. बोलायला अशी गोड, पण अप्पांसमोर तिच्या तोंडून "होय अप्पा" आणि "नाही अप्पा" यापलीकडं शब्द फुटत नसे.

पुढच्या वर्षी जूनच्या एक तारखेला तिला टपालानं पत्र आलं. कलघटगीच्या एका शाळेत तिची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती. पंधरा तारखेच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. मी तिवईवर होतो, सगळं ऐकलं. प्रभंजन म्हणाला, "चांगलंच झालं की! पण दिवसभर अप्पांचं कोण बघणार? तू त्यांनाच विचार बघ."

"मी? तुम्ही विचारा की हो."

"नको बाई. त्यांना वाटेल, आईच्या माघारी म्हातारा मला जड झाला."

झालं! दोघंही एकमेकांवर ढकलून मोकळे. दीपश्रीनं पत्र त्या दिवशी माझ्या पोटात, अगदी शेवटच्या पानांत दडवून ठेवलं. कन्नडात होतं, त्यामुळं मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. मी आपला इंग्रजी-मराठी, काय करणार!

पाच तारखेला दीपश्रीनं मला पहिल्यांदा स्वतःसाठी उघडलं. बोटांना हळद लागलेली. स्वतःशीच पुटपुटत होती, "ब्यासर झालंय नुसतं." आता ब्यासर हा कन्नड शब्द, तो माझ्यात कुठला? ती एकेक पान बघत गेली आणि एक्केचाळिसाव्या पानावर थांबली. 'ॲनॉइड'. माझ्या पानावरचा अर्थ तिनं वाचला: वैतागलेला, त्रासलेला, चिडलेला. मान हलवली, "मी वैतागले आहे" एवढंच इंग्रजीत लिहिलं आणि चिठ्ठी ठेवून गेली. मी मनात म्हटलं, बाई गं, याहून तिखट शब्द माझ्याकडं ढिगानं आहेत, तू हाच का घेतलास?

संध्याकाळी अप्पांनी चिठ्ठी काढली आणि त्यांचा चेहरा असा खुलला! सुनेची पहिली चिठ्ठी! तिला समोर बसवून त्यांनी सगळा शब्दच उलगडून सांगितला. हा मुळात लॅटिनमधला, 'मला याचा तिरस्कार वाटतो' अशा अर्थाच्या बोलण्यातून निघालेला. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला, मग इंग्रजीत आला. "गंमत बघ, निघाला तेव्हा केवढा जळजळीत होता! हळूहळू त्याची धार गेली. आता चहा गार झाला तरी साहेब ॲनॉइड होतो. संतापापेक्षा सौम्य. रोजच्या वापराचा शब्द. उत्तम निवडलास. सात मार्क!"

"होय अप्पा," दीपश्री म्हणाली. आणि भांडी घासायला गेली.

आठ तारखेला दुसरी चिठ्ठी आली. "मी रोज वैतागते आहे." अप्पांनी आठ मार्क दिले आणि माणसावर वैतागलं तर कसं लिहायचं, गोष्टीमुळं वैतागलं तर कसं, हे चार उदाहरणं देऊन समजावलं. दहा तारखेला तिसरी चिठ्ठी. "कुणी विचारत नाही म्हणून मी वैतागले आहे." अप्पा झोपाळ्यावर टाळी वाजवून म्हणाले, "वा! कारणासकट वाक्य! नऊ!"

मला तर रडूच आलं असतं. अहो मास्तर, मार्क कसले देताय? काय विचारत नाही, ते विचारा की! शब्दाचा अर्थ माझ्याकडं होता, शब्दाचं कूळमूळ तुमच्याकडं होतं, पण त्या पोरीचं काय बिनसलंय हे विचारायला आपल्या दोघांनाही सुचू नये? माझ्यापाशी तोंड नव्हतं. त्यांच्यापाशी होतं.

बारा तारखेला तिनं मला उघडलं तेव्हा शब्द शोधला नाही. सरळ लिहायला बसली. दोनदा कागद फाडला. ती चिठ्ठी इंग्रजीत होती, तुमच्यासाठी मराठीत सांगतो.

"अप्पा, कलघटगीच्या शाळेचं पत्र येऊन अकरा दिवस झाले. पंधराला हजर व्हायचं आहे. तुम्ही माझ्या रागाला दहापैकी नऊ मार्क दिलेत, पण राग कशाचा हे एकदाही विचारलं नाहीत. मी तुमच्यावर वैतागले आहे."

संध्याकाळी अप्पांनी सवयीनं लाल पेन काढलं. पहिल्या ओळीत एक चूक होती, तिच्याखाली रेघ मारली. मग पुढं वाचलं. पेन तसंच हातात राहिलं.

"दीपश्री," त्यांनी हाक मारली. "इकडं ये बाळ. ते पत्र कुठाय?"

तिनं माझ्यातून काढून दिलं. अप्पांनी ते दोनदा वाचलं.

"आठवडाभर ही चिठ्ठ्या लिहायलीय, आणि मी आपला चुका काढायलोय. चुकलं माझं."

"तसं नाही अप्पा..."

"तसंच आहे. सकाळची बस कितीला आहे?"

"साडेसातला. पण तुमचं दुपारचं जेवण?"

"भात लावता येत नाही मला. शिकेन की! जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आता मी शिकतो."

पंधरा तारखेला ती हजर झाली. पुढच्या आठवड्यात अप्पांनी तीन वेळा भात करपवला. शुक्रवारी माझ्यात त्यांची स्वतःची चिठ्ठी आली, कुकरवर वैतागल्याची. दीपश्री शाळेतून आली, चिठ्ठी वाचली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आधी त्यांच्यापाशी गेली. "काय झालं अप्पा?" म्हणाली. अप्पांचं बोट भाजलं होतं, ते चिठ्ठीत लिहिलंच नव्हतं.

पुढं दोन हजार तीन साली अप्पा गेले. घरात संगणक आला. टकटक केलं की अर्थ हजर, मग मला कोण विचारतो? मी माळ्यावर गेलो. कसर लागली, धूळ बसली, उंदरानं एक कोपरा खाल्ला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या पुस्तकांना वर्षातून एकदा ऊन दाखवा, पानं चाळा, कव्हर घाला.

आणि एवढंही जमलं नाही, तर मी एकवेळ रुसणार नाही. पण तुमच्या घरात कुणी चिडून गप्प बसलं असेल, तर त्याच्या शब्दातल्या चुका काढू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि काय झालं ते विचारा. ते माझ्या एकाही पानावर छापलेलं नसतं.