हाकेला आला तर तुमचा

साहेब, तुम्ही माझ्या नवऱ्याला चोर म्हणालात. चारचौघांत म्हणालात, खुर्चीतून न उठता म्हणालात, आणि त्याला ऐकू येत नाही हे सांगितल्यावरही त्याच्या तोंडावर म्हणालात. त्याच्या वाटचा तो शब्द मी ऐकला. आता माझं तुम्ही ऐका.

माझा नवरा पत्र्याचं काम करतो. डबे, पेट्या, छपराच्या पन्हळी. जन्मापासून बहिरा आणि मुका. दुकानात दाराकडे पाठ करून बसतो, कारण उजेड मागच्या खिडकीतून येतो. गिऱ्हाईक आलं हे त्याला कळायचं ते कुत्र्यामुळे. कुत्रा उंबऱ्यावर बसायचा, आणि कोणी आलं की आत जाऊन ह्याची विजार दातांत धरून ओढायचा. रस्त्यात मागून गाडी आली तर ह्याच्या पायांत आडवा व्हायचा. लोक हसायचे. म्हणायचे, बहिऱ्याने कान पाळलाय. बरोबरच म्हणायचे. कानच होता तो.

तुमच्या कुत्री पकडणाऱ्या गाडीवाल्यांनी त्या उंबऱ्यावरूनच त्याच्या गळ्यात फास टाकला. मी कामावर होते; इस्पितळाच्या चादरी धुते मी. नवरा आत ठोकत बसलेला. समोरचा शिंपी मात्र सगळं बघत होता. मी त्याला विचारलं, "भाऊ, ओरडला का नाहीत?"

"ओरडून काय उपयोग, वहिनी? त्याला कुठे ऐकू येतं?"

उठून चार पावलं चालायची आणि ह्याच्या खांद्याला हात लावायचा, एवढंही ज्याच्याने होत नाही, त्याला आम्ही इतकी वर्षं शेजारी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तुमच्या कोंडवाड्यावर आलो. तुम्ही खिडकीआड बसला होतात. पहिला प्रश्न तुमचा: "पट्टा होता?"

"होता. ह्यांनी स्वतः ठोकलेला पत्र्याचा बिल्लाही होता त्याला."

"आत एकाही कुत्र्याला पट्टा नाही."

कसा असेल? जाळीत अडकतात म्हणून तुमची माणसं गाडीतून उतरवतानाच पट्टे कापून टाकतात. कापलेल्या पट्ट्यांनी भरलेलं पिंप तुमच्या खिडकीखालीच होतं. मी बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, "त्यात बिल्ला सापडला तर घेऊन जा. बिल्ला तुमचा. पण तो कुठल्या कुत्र्याचा, हे बिल्ला सांगणार आहे का?" आधी पट्टा काढायचा, मग पट्टा नाही म्हणून बेवारस ठरवायचं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

"नियम एकच," तुम्ही म्हणालात. "मालकाने हाक मारायची. हाकेला आला तर तुमचा. नाही आला तर संध्याकाळी सुई."

"साहेब, ह्यांना बोलता येत नाही. ऐकूही येत नाही."

तेव्हा तुम्ही काय केलंत आठवतं? माझ्या नवऱ्याला खिडकीकडे पाठ करून उभं केलंत आणि त्याच्या मागे लोखंडी फळीवर पट्टी आपटलीत. त्याचा हात त्या फळीवर टेकलेला होता. जन्म पत्र्यात गेलेला माणूस; हाताखाली पत्रा थरारला की तो वळणारच. तो वळला.

"बघा! ऐकतो! रोज येतात असे फुकटचा राखणदार न्यायला. नवीन सोंग घेऊन आलाय चोर."

रांगेतली दोघं-तिघं हसली. नवऱ्याला वाटलं काहीतरी चांगलं झालं. तोही हसला. तेवढं मी विसरणार नाही.

मग नवऱ्याला मागच्या अंगणातल्या बाकावर बसवलंत आणि मला एकटीला हाक मारायला आत सोडलंत. दोन्ही बाजूंना पिंजरे, मधे ओली बोळ. आमचा कुत्रा शेवटच्या पिंजऱ्यात होता. पांढरा, एक कान काळा. भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याला नाव नाही, साहेब. ज्याला जीभ नाही त्याने नाव ठेवायचं कशासाठी? नवरा त्याला पत्र्यावर ठोकून बोलावतो, दोन सावकाश, एक झटक्यात. आणि माझ्या तोंडून त्याला कायम एकच शब्द, धुतल्या फरशीवरून चालत गेला की. त्याच शब्दाने हाक मारली मी. "ए मेल्या! अरे मेल्या, ऊठ ना रे!"

तो उठला नाही. खिडकीतून तुमचं हसू ऐकू आलं. "झालं? पुढचे!"

आमच्या आधी एक चष्मेवाली म्हातारी आत आली होती. तिचा तांबडा गुंड्या हरवला होता. ती एकेका पिंजऱ्यापुढे वाकून हाका मारत होती. दिसत कुठे नव्हता. तिने तुम्हाला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "मारत राहा, आजी. मागे कुठेतरी असेल. येईल." तिचा आवाज बसला. शेवटी ती अंगणात येऊन आमच्या शेजारी बाकावर टेकली. तेव्हा पिंजरे धुणारा तुमचा माणूस पाण्याची नळी बंद करून तिच्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, नका मारू हाका. तांबडा काल संध्याकाळीच गेला. साहेबांसमोरच सुई दिली."

ती रडली नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला म्हणाली, "तुमचा कुठला?"

मी सांगितलं. नियम, फळी, ठोकणं, सगळं.

त्याच अंगणात, पिंजऱ्यांच्या मागे, एक ट्रक भुशाची पोती उतरवायला उभा होता. आम्ही त्याच्या वाटेत होतो. ट्रकवाला केव्हाचा खेकसत होता, "ओ वहिनी, बाजूला व्हा! तुमचं कुत्रं जाईल, माझी नोकरी जाईल!" म्हातारी उठली ती थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ह्या ट्रकचा मागचा फाळका पत्र्याचा आहे का?"

"लोखंडी आहे, आजी. का? चावायचाय?"

"ह्याला ठोकायचाय." तिने माझ्या नवऱ्याकडे बोट केलं आणि चार वाक्यांत त्याला सांगितलं.

ट्रकवाल्याने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. कोणाला ते नीट कळलं नाही, पण रोख खिडकीकडे होता. मग सीटखालून चाक उघडायचा पाना काढला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला. "ठोक, दादा. पोचे आले तर येऊ देत. ट्रक माझ्या बापाचा नाही."

म्हातारी खिडकीशी गेली. "साहेब, मी परत हाका मारते. मारत राहा म्हणाला होतात."

तुम्ही मान वर न करता हात हलवलात.

ती शेवटच्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. मी नवऱ्याला खूण केली. दोन सावकाश, एक झटक्यात. सगळी कुत्री एकदम बोंबलायला लागली. त्या कालव्यात म्हातारी ओरडली, "गुंड्या! ये रे बाळा, ये!" आणि भिंतीकडे तोंड करून पडलेलं ते पांढरं जनावर ताडकन उठलं, जाळीवर पंजे टाकून उभं राहिलं, आणि सगळं अंग हलेपर्यंत शेपूट हलवू लागलं.

"आला हो, हाकेला आला!" पिंजरे धुणारा मोठ्याने म्हणाला. त्यानेच तिचा तांबडा कुत्रा शेवटचा पाहिला होता. त्यानेच कडी काढली.

तुम्ही बाहेर आलात. "हा तर पांढरा आहे."

"उन्हाने विटला असेल," ट्रकवाला म्हणाला.

"नियम तुमचा, साहेब," म्हातारी म्हणाली. "मी हाक मारली, तो आला." तुम्हाला अडवायचं असतं तर गुंड्या काल मेला हे तुमच्याच तोंडाने सांगावं लागलं असतं.

फाटकाबाहेर तिने दोरी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. कुत्र्याने आधी ह्याची विजार धरून ओढली, मग रडल्यासारखा आवाज काढला. तो आवाज माझ्या नवऱ्याला तेवढा ऐकू आला नाही. आम्ही बाकीच्या सगळ्यांनी ऐकला. म्हातारीनेही. ती रिकाम्या हाताने घरी गेली.

आता ती कधीमधी दुकानात येते. कुत्रा तिला बघून उठतो, आत जाऊन विजार ओढतो, नवरा वळतो, तिला स्टूल देतो. ती तुमच्याबद्दल अवाक्षर काढत नाही आणि तुम्हाला काही विचारायला यायची नाही. म्हणून मी विचारते.

गुंड्या आदल्या दिवशीच गेला, हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्या डोळ्यांसमोर गेला. मग त्या बाईला आवाज बसेपर्यंत मेलेल्या कुत्र्याला हाका का मारायला लावल्यात? चोर कोण ते आपण नंतर बघू. आधी ह्याचं उत्तर द्या.