खालची बाजू

दत्तात्रेयांनी वॉल्ट्झची दुसरी ओळ अर्ध्यात सोडली आणि पियानोचं झाकण आपटलं. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. मग खिडकी उघडली, बंद केली, पंखा वाढवला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

पहिली रचना बसवायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं. आता पुढची निवडायची होती. अलिबागहून शिकवायला येणाऱ्या साक्षीने तीन पाठवल्या होत्या. रविवारपर्यंत एक ठरवा म्हणाली होती. वॉल्ट्झ म्हणजे नाचाची चाल, तिच्यात बोटं एकमेकांच्या पायात पाय घालत. नॉक्टर्न ही रात्रीची धून इतकी संथ, की वाजवता वाजवता जांभई यायची. तिसरी तर अशी धडाडधूम, की काय फुटलं म्हणून शेजारचे विचारायला आले. कुठला माल कुठल्या रस्त्याने न्यायचा हे झोपेत ठरवणारा ट्रकवाला माणूस, पण या कागदांपुढे त्याची मती गुंग झाली होती. रचनांत खोट नव्हती. त्यांचंच मन कशात लागत नव्हतं, आणि का लागत नव्हतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पियानो किशोरीचा, त्यांच्या लेकीचा. ती शाळेत असताना त्यांनीच तो मुंबईहून आपल्या ट्रकात, गाद्यांत गुंडाळून पेणला आणला होता. पुढे तिने जातीबाहेर कोर्टात लग्न केलं आणि हे गेले नाहीत. तेव्हापासून ती आईशी रोज फोनवर बोलते, बापाशी नाही. दत्तात्रेय पियानो शिकायला बसले ते त्यानंतरच. कोणी विचारलं तर म्हणायचे, वस्तू पडून खराब होते. आता गणपतीत ती नवऱ्याला घेऊन येणार होती, आणि तिच्याशी पहिला शब्द काय बोलायचा हे म्हाताऱ्याला उमजत नव्हतं.

तिन्ही कागद बाजूला सारून ते किशोरीची जुनी पुस्तकं उपसत बसले. एकात कोपरा दुमडलेलं पान निघालं. डावं पान सोपं वाटलं. सगळे खालचेच सूर, एकसारखे. ते संपवून उजव्या पानावर गेले तर भलतंच काहीतरी वाजू लागलं. त्यांनी साक्षीला फोन लावला.

"काका, ते दोघांनी एकदम वाजवायचं असतं," ती हसू दाबत म्हणाली. "डावं पान डावीकडे बसणाऱ्याचं, उजवं वरच्या सुरांचं, ते दुसऱ्याचं. एकट्याचं काम नाही ते. त्या तीनमधलीच एक ठरवा ना."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि डावं पानच पुन्हा वाजवायला घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

शेवटी त्यांची बायको मनुबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण पुढे उभी राहून गाते आणि मागच्या बायका तिची ओळ उचलून धरतात. मनुबाईंचं निम्मं आयुष्य असं मागे म्हणण्यात गेलं होतं.

"ही तर मागची बाजू हाय," त्या म्हणाल्या. "पुढं कोन म्हननार?"

दत्तात्रेय मान खाली घालून वाजवत राहिले.

"किशोरीची हाय का ती?"

"तिच्या बुकात हाय."

"मंग तिला सांगा."

"मी कसा सांगू?" त्यांचा आवाज एकदम चढला आणि तितक्याच एकदम बसला. "तोंड हाय का मला?"

मनुबाईंनी लेकीला फोन लावला, "किशे, जरा ऐक, बोलू नको," एवढंच म्हणाल्या आणि तो तसाच पियानोवर ठेवला.

"वाजवा."

दत्तात्रेयांनी तळहात धोतराला पुसले. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. मग बोटं घाटात ब्रेक सैल झालेल्या गाडीसारखी सुटली. पान कधी संपलं ते त्यांना कळलंही नाही. ती ऐकत होती की फोन कटला होता, हे बघायला वाकायचा त्यांना धीर होईना.

"बाबा," फोनमधून आवाज आला. "हळू ना जरा. मला वरचं म्हणता येत नाय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.