गंड्याचा नारळ

हिरासिंगच्या शेततळ्यावर त्या दिवशी सारा तांडा लोटला होता. नेरहून दोन ऑटोसुद्धा भरून आले होते, म्हणजे चमत्कार पक्काच! जलसिद्ध महाराजांनी दोन नारळ उचलले. एकाला काळा गंडा बांधला आणि दोन्ही पाण्यात सोडले. गंड्याचा तरंगला, बिनगंड्याचा सरळ तळाला गेला. लोकांनी हात जोडले.

"पायलं? गंडा असन तर जलदेवी वर ठेवते," महाराज गरजले. "पण तो दोर काढा. दोर म्हंजे देवीवर अविश्वास!"

काठावरून तळ्यात सोडलेला गाठींचा दोर हिरासिंगनं लगेच विळ्यानं कापला. अक्कल गहाण ठेवायला आमच्याकडे वेळ लागत नाही. फवारणीचं पाणी भरायला रोज इथंच येणारी पोरं-बाया गंडा बांधून घ्यायला मनगटं पुढं करून रांगेत उभी राहिली.

रांगेत जयाची दहा वर्षांची सोनूही होती. जयाचा नवरा रामसिंग गेल्या वर्षी याच तळ्यात बुडून मेला, म्हणून तर तो दोर आला होता. जयानं पोरीला मागं ओढलं आणि पुढच्या खेळासाठी ठेवलेले दोन नारळ स्वतःच उचलले.

"महाराज, हा एवढा जड काहून?"

"पाप भरलं हाय त्यात, बाई."

"मंग गंडा त्यालेच बांधते."

तिनं तसं करून दोन्ही नारळ फेकले. गंडेवाला बुडाला. दुसरा आरामात डोलत राहिला. हिरासिंगनं महाराजांच्या थैलीतून तसाच एक जड नारळ काढून दगडावर आपटला. आतून रेती सांडली. नारळाचा डोळा मेणानं बुजवलेला होता.

"आता गंडा बांधून तुमीच उतरा," हिरासिंग म्हणाला.

महाराजांना तेव्हाच आठवलं, की आज आपला उपास आहे. लोक खो खो हसले. जया हसली नाही.

"माह्या नवऱ्याले पोहता येत होतं," ती म्हणाली. "बादली भरताना पाय घसरला. तळ्याच्या प्लास्टिकच्या पन्नीवर शेवाळ. चढे अन् घसरे, चढे अन् घसरे. देवीनं नाही ओढलं त्याले. धरायले काही नव्हतं. अन् तुमी आज धरायचंच कापलं."

मला माझीच लाज वाटली. दोर कापताना मीही गप्प उभा होतो. बाबांनो, तळ्याला कुंपण घाला, पोरांना एकटं पाठवू नका. कोणी पडलं तर मागोमाग उडी मारू नका. दोर फेका, झाकण लावलेली रिकामी कॅन फेका. मंत्रानं शेवाळ निघत नाही.

हिरासिंगनं मान खाली घालून खुंटीला नवा दोर बांधला.

"चारी बाजूनं बांधा," जया म्हणाली. "माणूस बाजू पाहून पडत नाही."