पाकिटावर लिहिलं होतं, धूळ

“हलला का कुणी? नाही ना? मग पुढची लाव.”

आत्याचा हा आवाज मी सहा वर्षांची असताना ऐकला. ती वेधशाळेच्या तळघरात काचा तपासायची. तेव्हा आकाशाचे फोटो काचेवर काढत. यंत्रात दोन काचा शेजारी शेजारी लावायच्या, एक जुनी, एक कालची, आणि खटका दाबत राहायचं. आधी ही दिसे, मग ती, मग पुन्हा ही. सगळे तारे जागच्या जागी राहत; नवा आलेला तेवढा लुकलुकत असे. मी स्टुलावर बसून पाय हलवायचे आणि ती खटक्याच्या तालावर गुणगुणायची,

काल अंगण रिकामं, आज उभी कोण दारी?
कुणी विचारा गं नाव, दूर देशीची ही नारी.

आता तेच काम मी करते. फक्त काचा गेल्या. दुर्बीण रात्रभर आकाश टिपते, संगणक आजच्या चित्रातून जुनं चित्र वजा करतो, आणि उरलेसुरले ठिपके सकाळी चहाबरोबर माझ्यापुढे येतात. हजारभर तरी. त्यातले बहुतेक खोटे: उपग्रहाची रेघ, विमानाचा दिवा, वजाबाकीतला चुकार डाग. पण पाच-दहांत खरंच कुणीतरी आलेलं असतं. कुठल्या तरी दीर्घिकेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी एक तारा फुटला आणि त्याचा उजेड नेमका आज येऊन पोचला. आज का? काल का नाही? मला अजून याचं नवल वाटतं. नवल वाटण्याचा पगार वेगळा मिळत नाही, एवढंच.

त्या सकाळचा ठिपका बुजरा होता. दीर्घिकेच्या पदराला कडेशी लागलेला, फिकट. सवयीने मी त्या जागेच्या जुन्या काचांची चित्रं उघडली आणि खुर्चीत सरळ बसले. चौतीस वर्षांपूर्वीच्या एका काचेवर, अगदी त्याच जागी, केसाचाही फरक नाही, एक ठिपका होता. त्याच्या आधीच्या काचांवर नव्हता. नंतरच्याही नाही.

मरणारा तारा एकदाच फुटतो. हा जर तेव्हाही येऊन गेला असेल, तर हा मरत नव्हता. भडकत होता, निवत होता, पुन्हा भडकत होता. असे फार थोडे सापडलेत. कशामुळे भडकतात, कुणाला धड माहीत नाही.

मग मी ती काच ठेवलेल्या पाकिटाचा फोटो उघडला. पेन्सिलीने एक गोल काढलेला, त्यापुढे लिहिलेलं: धूळ. खाली आत्याची सही. बाजूला आणखी एक ओळ: दुसरी काच फुटली.

एकाच भागाच्या दोन काचा घेत, त्या याचसाठी. धूळ दोन्हींवर एकाच जागी बसत नाही.

फोन वाजला. मोठ्या दुर्बिणीचा वेळ मिळवून देणाऱ्याला आम्ही अडत्या म्हणतो, कारण तो घासाघीस केल्याशिवाय बोलतच नाही.

“दोन वाजेपर्यंत एक ठिपका सांग,” तो म्हणाला. “एकच. दोन सांगितलेस तर एकही मिळणार नाही. आणि चुकीचा सांगितलास तर पुढचे सहा महिने माझ्या दारात उभी राहू नकोस.”

“एक कोडं आहे. आत्याला विचारून सांगते.”

“तुझ्या आत्याचं मत प्रस्तावात घ्यायचं का आता?”

तो हसला, पण उगाच. वेधशाळेत आजही म्हणतात, बाईंनी धूळ म्हटलं की धूळ.

मी घरी पोचले तेव्हा आत्या शिलाई मशीनला तेल घालत होती.

“या वेळी? नोकरी गेली का?”

“अजून नाही. दोननंतर सांगते.”

मी तेलाची कुपी बाजूला सरकवून लॅपटॉप मांडला. आजचं चित्र, जुनं चित्र. कळ दाबली की हे, पुन्हा दाबली की ते. तिने बोटं फडक्याला पुसली, चष्मा लावला आणि मला खांद्याने ढकलून कळ स्वतःच्या ताब्यात घेतली. टक. टक. टक.

“किती दिवस झाले दिसायला?”

“चार.”

“वाढतोय?”

“रोज थोडा.”

“रंग?”

“त्यासाठीच मोठी दुर्बीण हवी. आत्या, ती धूळच होती ना?”

टक. टक. “लिहिलंय ना तसं.”

“लिहिलेलं वाचता येतं मला. तुला विचारतेय.”

“चौतीस वर्षं झाली गं. काल भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही मला.”

“घातलं नव्हतंस.”

ती हसली नाही. कळ दाबतच राहिली. दोनला दहा कमी असताना फोन वाजला. मी स्पीकर लावला.

“बोला, आत्याबाई काय म्हणतात?”

“हा राहू दे,” मी म्हणाले. “जुना ठिपका धूळ असेल तर हा साधाच, आणि साध्यांत बराच फिकट. दुसरा घे. नंबर सांगते, चार, एक…”

“थांब.” आत्याने माझं मनगट धरलं. “त्यालाही थांबायला सांग.”

“थांबलोय,” फोन म्हणाला.

“दुसरी काच फुटायच्या आधी मी बघितली होती. दोन्हींवर होता. त्याच जागी, तेवढाच.”

मी फोन तिच्याजवळ सरकवला.

“आदल्या महिन्यात मी नवा तारा म्हणून सगळ्यांना गोळा केलं आणि निघाला एक फिरता दगड, लघुग्रह. मग रोज सकाळी सुरू, काय बाई, आज किती जन्मले? या वेळी दोन काचा होत्या. एक यंत्रात ठेवली, एक घेऊन साहेबांकडे निघाले, आणि जिन्यात पडले. तुकडे वेचताना वाटलं, आता एका काचेवर कोण विश्वास ठेवणार? धूळ लिहिलं की दुसरी काच कुणी मागत नाही.”

“तुझी खात्री आहे?” माझा आवाज मलाच बारीक वाटला.

“हाच सांग त्याला.”

“ऐकलं मी,” अडत्या हळूच म्हणाला.

आत्याने चष्मा काढला.

“जिना ओला होता म्हणून पाय घसरला, असं सांगितलं मी सगळ्यांना. कोरडा होता जिना. मी पळत होते. इतका आनंद झाला होता गं मला.”